सात ते साडेसातचं रेकॉर्डिंग

लग्न होऊन मला चार वर्षं झाली. या चार वर्षांत सासूबाईंनी स्वतःसाठी म्हणून माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि तीसुद्धा माझ्याकडे न बघता, तव्यावरची भाकर उलटता उलटता.

"रूपा, तुह्या त्या कॉम्प्युटरात टीव्हीवरचं धरून ठेवता येते का?"

"काय धरून ठेवायचं, आई?"

"आमचं गानं. पुढच्या शनवारी दाखवून राह्यले म्हने. सात ते साडेसात."

आमूच्या तोंडाशी नेलेला वरणभाताचा घास माझ्या हातात तसाच राहिला. आमू म्हणजे आम्रपाली, माझी अकरा महिन्यांची मुलगी. तिने स्वतःच पुढे होऊन तो घास खाल्ला.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आसेगावच्या विहारातल्या अकरा बायका अकोल्याला जाऊन गाऊन आल्या होत्या. एका मराठी वाहिनीवर गावोगावच्या गायन मंडळांचा कार्यक्रम लागतो, त्यासाठी. आत जाताना सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले होते, त्यामुळे कोणाजवळ साधा फोटोही नव्हता. तीन गाणी सगळ्यांची आणि शेवटचं एकट्या सासूबाईंचं, म्हणजे भागिरथाबाईंचं. ते त्यांनी स्वतः बांधलं होतं. घरात मी ते कधी ऐकलं नव्हतं. गा म्हटलं की म्हणायच्या, "टीव्हीत येईन तवा आयकजो."

"मग शनिवारी सगळे मिळून पाहू की," मी म्हटलं.

"सातले वाचन राह्यते."

ते खरंच होतं. वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी सात ते आठ ग्रंथवाचन असतं, आणि वाचतात आई. विहाराचं सगळं पाहणारे भिवाजी आजोबा म्हणाले होते, एक दिवस आठला बसू. आईंनी ऐकलं नाही. "बाया वावरातून येतात, सैपाक आटपतात, मंग सातले बसतात. माह्या टीव्हीपायी यायच्या लेकरायले जागवू का? अन् चाळीसाव्या वर्सी वाचाले शिकली मी, ते कायसाठी मंग?"

कार्यक्रम एकदाच दाखवणार होते. पुन्हा नाही, मोबाईलवरही नाही. मी त्या वाहिनीला तीनदा फोन करून विचारलं. तिसऱ्या वेळी तिकडच्या बाईने मला आवाजावरून ओळखलं.

"आठ वर्साआधी रेडिओवर गेल्ती मी," भाकर टोपल्यात टाकत आई म्हणाल्या. "तवा ऐन टायमाले रेडिओ मुका. यायनं त्यातले सेल काढून बॅटरीत घातले होते, संडासले जाले."

ओसरीवर बसलेल्या बाबांनी पेपर थोडा वर धरला.

बाबा म्हणजे माझे सासरे, जानराव. मंगरूळपीर डेपोला तीस वर्षं एस.टी.चे कंडक्टर होते. एक मिनिट उशीर नाही, असं ते स्वतः सांगतात. त्यामुळे आमच्या घरातली सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढे असतात. भिंतीवरचं, गजराचं, बाबांच्या मनगटावरचं. "घरचा टाइम" आणि "गावचा टाइम" असे दोन टाइम आमच्याकडे चालतात. लग्न करून आले तेव्हा पहिले आठ दिवस मी प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं आधी जाऊन उभी असायची. आता घरात कुठलंही घड्याळ दिसलं की मनातल्या मनात वीस वजा होतात, वजा केल्याचं कळतही नाही.

माझं माहेर किन्हीराजा. वाशिमला बी.एस्सी. केलं, विषय कॉम्प्युटर. लग्नात आलेला कॉम्प्युटर आमू झाल्यापासून मी एकाच कामाला वापरत होते: बाळाला दिवसात किती शिंका आल्या तर काळजी करावी, बाळ झोपेत हसलं तर काय, न हसलं तर काय. नवरा संघदीप भुसावळला रेल्वेत. त्याला फोनवर हे सगळं सांगितलं की तो म्हणतो, "ठीक आहे ना पण ती?" ती ठीकच असते. म्हणून तर काळजी वाटते.

तर आता माझ्याकडे नवीन काळजी आली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

मंगरूळपीरला हेमसिंगभाऊंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मूळचे मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे. त्यांनी मला पेनड्राइव्हपेक्षा थोडी मोठी एक डबी दिली. सेट टॉप बॉक्सच्या मागच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या वायरी तिच्यात खोचायच्या आणि डबी कॉम्प्युटरला लावायची.

"चालेल ना?" मी विचारलं.

"चालते, ताई."

"मध्येच बंद पडली तर?"

"नाही पडत."

"पडली तर?"

"ताई, डबीत काही नाही. डबी बिचारी आलं ते पुढं देते. खरी भानगड सॉफ्टवेअरची. ते भरवशाचं पाह्यजे. ते मात्र माह्यापाशी नाही, ते तुमाले ढुंढा लागन."

ते शोधण्यात माझे पाच दिवस गेले. आमूची एक वही आहे माझ्याकडे, झोपली कधी, उठली कधी, काय खाल्लं, काय थुंकलं. ती वही मी मागच्या पानापासून उघडली आणि सॉफ्टवेअरच्या नोंदी सुरू केल्या.

डबीसोबत आलेल्या सीडीतलं सॉफ्टवेअर आमच्या कॉम्प्युटरहूनही म्हातारं निघालं. उघडलं, निळा पडदा दाखवला आणि झोपलं. दुसरं फुकटचं होतं. चित्र छान, आवाज छान, पण बरोबर मधोमध स्वतःचं नाव छापायचं, आणि दहा मिनिटं झाली की पैसे मागून थांबायचं. आईंनी ते पाहिलं. बातम्या देणाऱ्या माणसाच्या नाकावरून आडवी इंग्रजी अक्षरं गेली होती.

"यायच्या तोंडावर हे काय गोंदलं?"

"सॉफ्टवेअरचं नाव आहे, आई."

"मंग माह्या तोंडावर नको."

तिसऱ्यावर माझा जीव जडला होता. नाव नाही, पैसे नाहीत, ठरल्या वेळी आपोआप सुरू होणारं. पण त्याचा आवाज हळूहळू मागे पडत जायचा. पाच मिनिटांनी कळायचं नाही, पंधरा मिनिटांनी बाई तोंड मिटून बसलेली आणि बातमी चालूच.

आईंनी चष्मा वर करून पाहिलं. "हे असं आलं तं लोक म्हनतीन, भागिरथा नुसती तोंड हालवते अन् मांगून दुसरीच गाते. काढ ते."

मी काढलं. रोज दुपारी आमू झोपली की मी लोकांचे अभिप्राय वाचायची. चांगले अभिप्राय मी वाचत नाही, वाईट तेवढे वाचते. चौथ्या सॉफ्टवेअरला वाईट अभिप्राय एकच होता: दिसायला फार कुरूप आहे. जगभरच्या काही लोकांनी हौसेने बनवून फुकट ठेवलेलं ते, राखाडी चौकोन आणि बारीक अक्षरं. त्यात वार लिहायचा, सुरू व्हायची वेळ लिहायची, थांबायची वेळ लिहायची. काम झाल्यावर कॉम्प्युटर बंद करायचा का, तेही त्यालाच सांगून ठेवायचं. मी त्यावर दोन दिवसांत अकरा वेळा रेकॉर्डिंग करून पाहिलं. पिकांचा सल्ला, कुस्ती, लग्नाच्या साड्यांची जाहिरात. अकराही वेळा तोंड आणि आवाज सोबत.

मी हेमसिंगभाऊंना फोन करून सांगितलं.

"मंग झालं ना, ताई."

"झालं. पण शनिवारीच बंद पडलं तर?"

"ताई, मशीन बिघडली म्हनून फोन करनारे लय आहेत. चालून राह्यली म्हनून घाबरनाऱ्या तुमीच पयल्या."

पण माझं घाबरणं अगदीच वाया गेलं असं नाही. गुरुवारी संध्याकाळी, बाराव्या चाचणीच्या वेळी, कॉम्प्युटरने मध्येच सांगितलं की मला अपडेट व्हायचं आहे, आणि माझ्या डोळ्यांदेखत बंद होऊन पुन्हा सुरू झाला. रेकॉर्डिंग अर्ध्यात तुटलं. मी मोबाईलचं इंटरनेट कॉम्प्युटरला देत होते, त्यावरून हा उद्योग. मी त्याच क्षणी ते तोडलं आणि शनिवार होईपर्यंत पुन्हा जोडायचं नाही असं वहीत लिहिलं. खाली दोन रेघाही मारल्या.

शुक्रवारी मी वेळ भरली. सहा पंचावन्न ते सात पस्तीस. दोन्हीकडून पाच-पाच मिनिटं जास्तीची. काम झालं की कॉम्प्युटर बंद, म्हणजे लाईन गेलीच तर इन्व्हर्टरवर फुकट ताण नको. टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून मी डब्यात ठेवले, म्हणजे कोणी चॅनेल बदलणार नाही.

"आता सेल कोन काढून राह्यलं?" बाबांनी विचारलं. आईंनी ऐकलं, पण हसू दाबलं.

शनिवारी विहारात खीरदान आमच्या घरचं होतं. आमच्याकडे ज्या घरची पाळी असते ते सगळं घर विहारात असतं. तरी मी म्हणून पाहिलं, "मी घरीच थांबते. कॉम्प्युटरजवळ बसते."

"सुनेले घरी ठेवून मी खीर वाटू काय?" आई म्हणाल्या. "आपोआप घेते म्हनत होती ना तू?"

"घेतं ना."

"मंग? माहा भरोसा हाय, तुह्याच नाही?"

मी खिरीचे तांदूळ धुवायला घेतले.

दुपारी दोनला लाईन गेली ती साडेतीनला आली. मी चुलीवर खिरीचं पातेलं ढवळत होते, आमू पाठीला बांधलेली. लाईन आल्यावर मी बाबांना ओरडून सांगितलं, कॉम्प्युटरची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डात लावून तेवढा चालू करा. ते काम त्यांना येतं. कॉम्प्युटर चालू करणं आणि त्याची तारीख-वेळ नीट करणं, ही दोन कामं ते आवडीने करतात, कारण आमच्या कॉम्प्युटरच्या आतला सेल गेलेला आहे. लाईन गेली की तो सगळं विसरतो आणि दहा-बारा वर्षांपूर्वीचं एखादं साल दाखवत बसतो.

सव्वासहाला निघायच्या आधी मी शेवटचं पाहून घेतलं. राखाडी चौकोनात लिहिलेलं होतं: शनिवार, प्रतीक्षेत. टीव्ही बरोबर चॅनेलवर. वायरी घट्ट. कोपऱ्यातल्या वेळेवर नजर गेली, सहा पस्तीस. डोक्याने वीस वजा केले. सव्वासहा. बरोबर. मी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, दोन पावलं जाऊन परत येऊन पुन्हा ओढून पाहिलं.

"अवं चाल ना," आई म्हणाल्या. "घर काही मागून येत नाही."

विहार आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. पांढऱ्या साड्यांनी हॉल भरत गेला. मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं, आणि ठीक सातला आईंनी ग्रंथावरचा रुमाल बाजूला केला. मंडळाच्या दहाही जणी पुढच्या रांगेत होत्या. या वेळी आपण टीव्हीवर गात आहोत हे प्रत्येकीला माहीत होतं. रांगेतून एक खसखस उठली, आईंनी चष्म्यावरून पाहिलं, खसखस थांबली. त्या वाचू लागल्या. प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून, पण कुठेही न अडता.

माझं अर्धं लक्ष वाचनाकडे, अर्धं आमूकडे. तिला घेऊन बाबा मागे दाराजवळ बसले होते. मी मान वळवून तिला पाहत होते. अनोळखी कोणी गालाला हात लावला का, दाराची हवा लागते का, तोंडात काही घातलं का. शेवटी राहवेना म्हणून मी वाकून वाकून मागे गेले. बाबा तिला मनगटावरचं घड्याळ दाखवत होते.

"पाह्य, साडेसात होऊन गेले," ते तिच्या कानात सांगत होते. "झाली आजी टीव्हीवरून."

विहाराच्या भिंतीवर सात अकरा झाले होते. बाबांचा घरचा टाइम, मी मनात म्हटलं आणि आमूला घ्यायला हात पुढे केले.

बाबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आता तुह्या मशीनीनं सगळं घेतलं असंन. म्या दुपारी टाइम बरोबर करून ठेवला बरं. भलतंच साल दाखवत होता."

"कोणता टाइम, बाबा?"

"कोनता म्हंजे? आपल्या भिताडावरचा. घरात दोन घड्याळं दोन टाइम दाखवतीन तं मानसानं कोनाचं आयकाव?"

माझे हात तसेच पुढे राहिले. आजवर ते दर वेळी असंच करत आले असणार. आणि दर वेळी मी इंटरनेट जोडलं की कॉम्प्युटर गुपचूप स्वतःचं घड्याळ सुधारून घेत असणार. गुरुवारपासून मी त्याला इंटरनेट दिलंच नव्हतं. काळजीपोटी, खाली दोन रेघा मारून. मघाशी सहा पस्तीसमधून मीच वीस वजा केले होते, पण सॉफ्टवेअर थोडंच आमच्या घरची सून होतं. त्याचे सात पस्तीस म्हणजे गावचे सव्वासात. सव्वासातला ते थांबणार, कॉम्प्युटर बंद करणार, आणि आईंचं गाणं अगदी शेवटी होतं.

सात बारा झाले.

"किल्ली," मी म्हटलं.

बाबांनी किल्ली काढली. "काय झालं?"

"आमूला धरा."

एवढंच म्हणून मी निघाले. तिला खीर देऊ नका, दाराशी बसू नका, रडली तर पाठीवर थोपटा पण जोरात नाही, यातलं काहीही मी सांगितलं नाही. हे माझ्या लक्षात पहिल्या गल्लीच्या टोकाला आलं. मी थांबले नाही. पदर खोचून आसेगावातून पळणारी सून बहुतेक मीच पहिली. शेजारच्या विजयमाला काकू दारात मोटरसायकलवरून उतरणाऱ्या पाहुण्यांना या म्हणत होत्या. त्यांनी विचारलं, "पोरगी पडली का वं?" मी पळता पळता म्हटलं, "नाही, घड्याळ." त्यांना काय कळलं कोण जाणे.

कुलूप दोनदा ओढून लावलं होतं, ते उघडायलाही दोनदा झटापट झाली. आत गेले तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावर बंद होत असल्याचं शेवटचं वाक्य होतं. माझ्यासमोर तेही गेलं.

मी पुन्हा बटण दाबलं. आमच्या कॉम्प्युटरला उठायला चार मिनिटं लागतात. एरवी मी तेवढ्यात चहा टाकते.

टीव्ही मात्र चालू होता. आणि टीव्हीवर, सगळा पडदा भरून, बाबा होते.

अकोल्याला मंडळाचा ढोलकीवाला ऐन दिवशी रुसून बसला म्हणून बाबाच ढोलकी वाजवायला गेले होते, हे मला माहीत होतं. पण आपल्याला कोणी दाखवणार नाही, हात दिसले तरी पुष्कळ, असं ते म्हणत आले होते. इथे तर ते ढोलकी मांडीवर घेऊन, नीट भांग पाडून, कार्यक्रमाच्या बाईशी गप्पा मारत होते. मागे कुठे बायकांचा गलका ऐकू येत होता, त्या चहाला गेल्या असाव्यात.

बाईने विचारलं, ढोलकी कुठे शिकलात.

"शिकलो नाही. तीस वर्सं यष्टीत घंटी मारली. दोनदा मारली का गाडी निघालीच पाह्यजे. ताल म्हंजे तेच, दुसरं काय."

बाई हसली. मग म्हणाली, तुम्ही वेळेचे फार पक्के, असं मंडळातल्या बायका सांगत होत्या.

"हो," बाबा म्हणाले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सारलं. "पन हे गाते तवा मी घड्याळ पाह्यत नाही."

"हे म्हणजे?"

"भागिरथा."

मी चपला न काढता घराच्या मधोमध उभी होते. गेल्या चार वर्षांत बाबांनी आईंना नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. इथे कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता आणि पडद्यावर गोल चक्र फिरत होतं, आणि ते बोलणं येऊन जात होतं आणि मी ते कशानेच धरू शकत नव्हते. मोबाईल विहारात, आमूच्या पिशवीत.

मग पुन्हा अकरा बायका आल्या. तिसरं गाणं सुरू झालं. कॉम्प्युटर जागा झाला. मी राखाडी चौकोन उघडला आणि हाताने लाल ठिपका दाबला. भिंतीवर सात चाळीस, म्हणजे सात वीस. आकडे पळायला लागले. तोंड आणि आवाज सोबत. तीन मिनिटांनी बाकीच्या बायका मागे सरकल्या आणि आई एकट्या पुढे आल्या. पांढरी साडी, चष्मा पुसून लावलेला, हात कुठे ठेवावेत हे न कळून पदराच्या टोकाला धरलेले.

केस पिकले मंग बाई पाटी हाती आली,
माह्या नावाची अक्षरं माह्या हातानं झाली.

मी हळूच खाली बसले. हललं तर काही बिघडेल असं वाटत होतं.

आठनंतर सगळं विहार आमच्या अंगणात आलं. खिरीचं रिकामं पातेलं एका बाजूला, कॉम्प्युटर ओसरीवर टेबलावर. आमू बाबांच्या खांद्यावर गाढ झोपलेली. तिच्या कपाळापासून कोपरापर्यंत खीर होती. "रडली का?" मी विचारलं. "कायले रडन?" बाबा म्हणाले. "तू गेली तवा पाह्यलंही नाही तिनं." मी तिचे गाल ओल्या रुमालाने पुसले आणि पुसता पुसता श्वास मोजले. ठीक होती.

रेकॉर्डिंग वीस मिनिटं आधी सुरू झालं होतं, त्यामुळे सुरुवातीला बराच वेळ सोयाबीनवरचा सल्ला होता. मी तो पुढे सारायला गेले तर भिवाजी आजोबांनी हात वर केला. "मधातून नको लावू, पोरी. पयल्यापासून होऊ दे." मग पन्नासेक माणसांनी पिवळ्या मोझॅक रोगावर काय फवारावं हे शांतपणे पाहिलं, आणि दोघांनी टीव्हीतल्या साहेबांचं कसं चुकतं यावर वादही घातला. मग एकदम अकरा बायका आल्या आणि अंगणात असा गलका झाला की पहिल्या गाण्याची पहिली ओळ कोणालाच ऐकू आली नाही. ती पुन्हा लावावी लागली. मग पुन्हा.

शेवटी आईंचं गाणं लागलं तेव्हा मात्र कोणी बोललं नाही. आई खांबाला टेकून उभ्या होत्या. स्वतःकडे त्यांनी जसं ग्रंथाकडे पाहतात तसं पाहिलं, बोट ठेवल्यासारखं. गाणं संपलं. भिवाजी आजोबा "साधु, साधु, साधु" म्हणाले आणि सगळं अंगण म्हणालं.

"तोंड अन् आवाज बरोबर हाय," आई मला म्हणाल्या. मग, "मधात काहीतरी तुटलं ना? दुसऱ्या गान्याखाली एकदम तिसरं आलं."

"पाच मिनिटं गेली, आई."

"काय होतं त्यात?"

मी बाबांकडे पाहिलं. ते आमूच्या पाठीवर थोपटत होते, नको तेवढं मन लावून.

"बाबा होते," मी म्हटलं. आणि मी सांगितलं. घंटी, ताल, बाईचं हसणं, बाहीखाली सारलेलं घड्याळ. आणि त्यानंतरचं वाक्य, जसंच्या तसं, नावासकट.

अंगणातल्या बायकांना तेवढंच हवं होतं. आई आत निघून गेल्या. पातेलं घासायला, म्हणाल्या.

"असं काही म्हटलं नाही म्या," बाबा म्हणाले. "पुरावा हाय का?"

पुरावा नव्हता. तो त्यांनीच वीस मिनिटं पुढे नेऊन ठेवला होता. विजयमाला काकूंनी तेवढा वेळ टीव्ही पाहिला होता, पण घरात पाहुणे, त्यांना एवढंच दिसलं की जानरावभाऊ भांग पाडून हसत होते. बाबांनी ते मान्य केलं. "हसलो असंन. बोललो नाही."

दुसऱ्या दिवशी हेमसिंगभाऊंकडून मी कॉम्प्युटरच्या आतला सेल आणून बसवला. बाबांनी पडद्याच्या वर एक चिठ्ठी चिकटवली: या यंत्रात गावचा टाइम आहे, कोणी हात लावू नये. खाली सही केली. बाकीची घड्याळं आहेत तशीच आहेत. सॉफ्टवेअर मी ठेवलं आहे, संघदीपला ते रेकॉर्डिंग पाठवलं, त्याने ते भुसावळच्या सगळ्या खोलीला दाखवलं आणि पहिली पंचवीस मिनिटं सोयाबीन कशाला म्हणून विचारलं. आमूच्या वहीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे: खीर, किती ते माहीत नाही.

परवा आई भाकरी करत होत्या. बाबा ओसरीवर पेपर वाचत होते. आईंनी तव्यावरची भाकर उलटली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "रूपा, ते मधातलं काय होतं म्हने?"

"कोणतं, आई?"

"तेच. घड्याळाचं."

हे त्यांनी विचारायची ही सहावी वेळ होती. मी पहिल्यापासून सांगायला घेतलं, घंटीपासून. मधातून नाही. ओसरीवर पेपरचं पान बऱ्याच वेळात उलटलं नव्हतं.